मोजल्याशिवाय बांधू नका

डेटा सेंटर उभारायला मोठा खर्च येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उभं राहिल्यावर ते रात्रंदिवस, सणासुदीलाही पैसे खात राहतं, याची चर्चा मात्र फार थोड्या संचालक मंडळांत होते. एक किलोवॉटचा भार वर्षभर अखंड चालला, तर ८,७६० युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले, तर ८७,६०० रुपये झाले, तेही फक्त एका किलोवॉटचे. हा साधा हिशेब वेळेवर न मांडल्यामुळे एका चांगल्या संस्थेचा पैसा कसा वाहून गेला, ते मी आतून पाहिलं आहे. म्हणून हे लिहीत आहे.

संस्था सहकारी क्षेत्रातली, जिल्हाभर शाखा असलेली. मी तिथे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायला रुजू झाले, तेव्हा नवं डेटा सेंटर बांधून झालं होतं. आराखडा यंत्रसामग्री विकणाऱ्या पुरवठादारानेच करून दिला होता. दहा वर्षांची वाढ गृहीत धरून बारा रॅक, ८० केव्हीएचे दोन यूपीएस आणि चार प्रिसिजन एसी बसवले होते. प्रत्यक्षात चारच रॅक भरले होते आणि सर्व्हरचा एकूण भार वीस किलोवॉटच्या आसपास होता. दोन्ही यूपीएसवर तो वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला क्षमतेचा जेमतेम आठवा हिस्सा यायचा. जुन्या बनावटीचा यूपीएस निम्म्या भाराच्या पुढे नीट काम करतो. इतक्या कमी भारावर त्याच्यातच बरीच वीज वाया जाते. पुढे व्हर्च्युअलायझेशन आलं, पाच-सहा जुन्या सर्व्हरचं काम एका नव्या सर्व्हरवर होऊ लागलं आणि भार आणखी उतरला. कागदावरची वाढ कधी आलीच नाही.

वीजजोडणीही त्याच अंदाजावर घेतलेली होती. उच्चदाब ग्राहकाने वापर कमी केला, तरी कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे करारात ठरलेल्या कमाल मागणीच्या, ठरावीक हिश्शावर मागणी आकार भरावाच लागतो. शिवाय एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच (किलोव्होल्ट-ॲम्पिअर-तास) पद्धतीने बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर बिघडला की त्याचा भुर्दंड थेट युनिटांत दिसतो. न वापरलेल्या क्षमतेचे पैसे संस्था दर महिन्याला मोजत होती.

बिलं डोईजड झाली तेव्हा काटकसर सुरू झाली, पण नको त्या जागी. बॅटऱ्यांच्या देखभालीचा करार लांबणीवर पडला. डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, भारावर चालवून पाहणं थांबलं. वीज वाचावी म्हणून एक यूपीएस बंद ठेवायचं ठरलं. मग एका महिन्याच्या सुरुवातीला, पगार आणि पेन्शन काढायला शाखांत रांगा लागलेल्या असताना वीज गेली. बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक निकामी असेल, तर अख्खी साखळी तुटते. तेच झालं. डीजी सेट सुरू होण्याआधीच सगळे सर्व्हर बंद पडले. वीज काही मिनिटांत आली, पण डेटाबेस तपासून व्यवहार पूर्ववत व्हायला संध्याकाळ झाली. पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं तोवर रिकाम्या हाताने परत गेली होती.

आधीची उधळपट्टी आणि नंतरची कंजुषी, दोन्हींचं मूळ एकच होतं. कुणी काही मोजलंच नव्हतं. पुढे मोजमाप सुरू केलं तेव्हा गाडी रुळावर आली. त्यातून जे शिकायला मिळालं, ते असं.

आधी मीटर, मग आराखडा

निदान तीन जागी मीटर हवेत: मुख्य पुरवठ्यावर, यूपीएसच्या आउटपुटवर आणि प्रत्येक रॅकच्या पीडीयूवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीवर. केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले सर्व्हर-नेटवर्कला लागणारी वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. ‘द ग्रीन ग्रिड’ या संघटनेने ते रूढ केलं आणि आज ते आयएसओ मानकातही आहे. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या जागतिक पाहण्यांत गेली काही वर्षं सरासरी पीयूई दीडच्या थोडा वरच रेंगाळतो आहे. गूगल आपल्या मोठ्या केंद्रांचा सुमारे १.१ सांगते. आता समजा, तुमचा पीयूई २.५ आहे आणि सर्व्हरचा भार वीस किलोवॉट आहे. म्हणजे आणखी तीस किलोवॉट थंडाव्यात आणि यूपीएसमध्ये जातात. दहा रुपये दराने वर्षाला ते सव्वीस लाखांवर होतात.

एक सावधगिरी बाळगा. वापरात नसलेले सर्व्हर बंद केले की बिल उतरतं, पण भाजक लहान झाल्यामुळे पीयूई वाढलेला दिसू शकतो. म्हणून अहवालात पीयूईबरोबर एकूण युनिटही लिहा आणि निर्णय युनिटांवरून घ्या.

बंद करा, एकत्र करा, मग विकत घ्या

हा क्रम उलटा करू नका. कुणी वापरत नाही, पण बंद करायला कुणी धजावत नाही, असे सर्व्हर प्रत्येक केंद्रात असतात. संशोधक जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५ मध्ये तपासलेल्या नमुन्यात सुमारे तीस टक्के सर्व्हरनी सहा महिने किंवा जास्त काळ काहीच उपयोगी काम केलेलं नव्हतं. प्रत्येक सर्व्हरपुढे जबाबदार माणसाचं नाव लिहा. नाव सापडलं नाही, तर बॅकअप घेऊन आधी नेटवर्क तोडा, महिनाभर वाट पाहा, मग वीज बंद करा. डिस्कवरची माहिती पुसूनच यंत्र ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्या. नवं यंत्र घेताना सॉफ्टवेअरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येवर आहे का, हे विचारा. अनेकदा यंत्रापेक्षा परवानाच महाग पडतो.

एसी वाढवण्याआधी हवेचा मार्ग तपासा

रॅक गरम होतो अशी तक्रार आली की नवा एसी मागवतात. आमच्याकडेही पुरवठादाराने तोच प्रस्ताव ठेवला होता. तपासलं तेव्हा दिसलं, की रॅकमधल्या रिकाम्या जागा उघड्या होत्या आणि सर्व्हरच्या पाठीमागची गरम हवा तिथून पुन्हा पुढे येत होती. फॉल्स फ्लोअरला केबलसाठी पाडलेल्या भोकांतून थंड हवा भलतीकडेच निसटत होती. ब्लँकिंग पॅनल लावली, भोकं बुजवली आणि रॅक तोंडासमोर तोंड, पाठीसमोर पाठ असे मांडले. मग तापमान १८ वरून एकेक अंश चढवत २४ पर्यंत नेलं. चारपैकी दोन एसी राखीव ठेवता आले.

सर्व्हर खोलीत कुडकुडायला व्हायला हवं, हा गैरसमज सोडा. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असं ‘ॲश्रे’ ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था २००८ पासून सांगते आहे. एसीच्या पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला, तर त्याची वीज जवळपास निम्मी होते. म्हणून वेग बदलता येणारे पंखे घ्या. तापमान रॅकच्या वरच्या भागात मोजा, कारण गरम हवा तिथेच साचते. बॅटऱ्यांची खोली मात्र वेगळी आणि २५ अंशांच्या आसपास ठेवा. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं, की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं. थंड देशांतल्या केंद्रांसारखी बाहेरची हवा आत घेण्याच्या योजना जपून तपासा. नवी मुंबईची दमट हवा आणि पुण्याची कोरडी रात्र यांचा हिशेब एक नाही.

टप्प्याटप्प्याने वाढा

जागा, केबलची वाट आणि मुख्य पॅनल पुढची गरज ओळखून करावेत, कारण ते नंतर बदलणं अवघड जातं. यूपीएस आणि एसी मात्र मॉड्युलर घ्यावेत आणि भार क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला, की पुढचं मॉड्युल जोडावं. कॉन्ट्रॅक्ट डिमांडही मोजलेल्या भारानुसार दरवर्षी तपासा. ती अर्ज करून कमी करून घेता येते. पॅनल आणि डीजी सेट तळघरात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळघरात यंत्रं ठेवताना त्या दिवसाची आठवण ठेवा.

स्वतःचं केंद्र बांधायलाच हवं का, हाही प्रश्न विचारा. नवी मुंबईच्या महापे, ऐरोली, रबाळे पट्ट्यात भाड्याने रॅक देणारी मोठी केंद्रं आहेत. बिल राखून ठेवलेल्या किलोवॉटवर लागेल की प्रत्यक्ष वापरावर, आणि विजेच्या दराला कोणत्या पीयूईने गुणलं जाईल, हे करारात लिहून घ्या. क्लाउडकडे जाणार असाल, तर तिथून माहिती बाहेर काढण्याचं शुल्क आधी विचारा.

इथे काटकसर नको

बॅटरीची तपासणी, डीजी सेटची भारावरची चाचणी आणि वर्षातून निदान दोनदा पर्यायी केंद्रावरून कामकाज चालवून पाहणं, या तिन्हींना कात्री लावू नका. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि काही भागांत ती कित्येक तास आली नाही. असा दिवस सांगून येत नाही. एक यूपीएस बंद ठेवून वाचलेली वीज एका दिवसाच्या ठप्प कामापुढे नगण्य असते.

तुमच्या संस्थेत डेटा सेंटरचा प्रस्ताव येत असेल, तर पुरवठादाराचं सादरीकरण पाहण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि रॅकनिहाय भाराची नोंद टेबलावर मागा. ती मिळाली नाही, तर प्रस्ताव तीन महिने थांबवा आणि आधी मीटर बसवा. तेवढा उशीर परवडतो. न मोजता बांधलेलं केंद्र मात्र पुढची दहा वर्षं तुमच्या सभासदांचा पैसा खात राहतं.