राजाने दिलेली जागा

वाचन : लूक ७:१-१०



कफर्णहूमचा शताधिपती यहुदी नव्हता. तरी यहुदी वडीलधारे त्याच्यासाठी येशूकडे रदबदली करतात, कारण त्याने त्यांना सभास्थान बांधून दिले होते. असाच एक प्रसंग आपल्या महाराष्ट्रातही घडला आहे.

वसईत पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने अनेक चर्च उभी राहिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तो आश्रय संपला. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मोठे वैर होते. तरीही ५३ वर्षांनी, १७९२ मध्ये, पेशवे सवाई माधवराव यांनी पुण्यात चर्चसाठी जमीन दिली. पेशव्यांच्या लष्करात पोर्तुगीज व गोव्याकडील ख्रिस्ती लोक चाकरीला होते. त्यांना उपासनेसाठी जागा हवी होती. पुण्यातले ते पहिले चर्च. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ निष्कलंक मातेच्या नावाचे हे 'सिटी चर्च' आजही भाविकांनी भरते.

राजाश्रय नेहमीच सुखाचा ठरतो असे नाही. मध्ययुगीन इटलीत तस्कनीची शासक माथिल्दा (१०४६-१११५) ही ख्रिस्तसभेची निष्ठावान कन्या होती. तिने आपली मालमत्ता पोपमहोदयांच्या नावे केली. पण तिच्या मृत्यूनंतर त्याच जमिनींवरून पोप आणि सम्राट यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला. देणारी आपली, दान मोठे. तरी शांती मिळाली नाही. पुण्यात देणारा दुसऱ्या धर्माचा, दान लहान. पण तेथे प्रार्थनेला घर मिळाले.

यातून आपण काय शिकावे? ख्रिस्तसभा सत्तेच्या बळावर टिकत नाही. परमेश्वर मात्र परधर्मीयांच्या हातूनही आपल्या लोकांचे भले करतो. बाबेलच्या बंदिवासातून यहुद्यांना मंदिर बांधण्यासाठी परत पाठवणारा कोरेश राजाही परकाच होता.

नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत आपली घरे थोडी व विखुरलेली आहेत. अडीअडचणीला धावून येणारे शेजारी बहुधा दुसऱ्या धर्माचे असतात. त्यांच्या उपकारांची आठवण मिस्साबलिदानात ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. तसेच त्यांच्या सणाला, दुःखाला आपणही गेले पाहिजे.

विचारासाठी : माझ्यावर उपकार करणाऱ्या कोणत्या परधर्मीय शेजाऱ्यासाठी मी या आठवड्यात प्रार्थना करीन? त्याच्यासाठी मी काय करू शकतो?