जुनी गाडी आहे, गळणारच

चि. सागर,


मंगळवारी बाळू पुण्याहून आला तो सरळ माझ्याकडेच. चहा उकळेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. तू मारुती ८०० च्या कॅमशाफ्टचं सील पेचकसाने ठोकून बसवलंस, आठ दिवसांत तेल टायमिंग बेल्टवर आलं, आणि गिऱ्हाईक परत आलं तर म्हणालास, "जुनी गाडी आहे, गळणारच." सील फाटल्याचं काही नाही रे. माझ्या हातून डझनभर फाटली असतील. ते वाक्य मात्र झोपू देत नाही.

सीलच्या बाहेरच्या कडेएवढी पान्याची गोटी नव्हती का गॅरेजात? सील चहूबाजूंनी सारखं आत जायला हवं. सीलच्या ओठावर तेलाचं बोट फिरवलंस? स्प्रिंगची बाजू तेलाकडे होती ना? आणि जुनं सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवून पाहिलंस का? जुन्या ओठाने तिथे चर पाडलेला असतो. नखाला लागला तर नवं सील मिलिमीटरभर मागेपुढे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो. ब्रीदरची नळीही बघ. ती तुंबली की आतला दाब सीलमधूनच वाट काढतो, मग दहा सीलं बदललीस तरी गळणारच. कुठून गळतंय आणि का, हे बघायलाच तर माणूस गाडी आपल्याकडे आणतो ना?

आता सांगतो ते अक्कालाही ठाऊक नाही. दाजींनी मला गॅरेजात लावलं, त्यानंतर तिसऱ्या वर्षी मी एका पद्मिनीत नवा कॅमशाफ्ट घातला. तिचा कॅम ब्लॉकमध्ये, म्हणजे निम्मं इंजिन उघडायचं. टॅपेट मात्र जुनेच ठेवले, गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले म्हणून वर खूश! चालू केल्यावर पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास धरायची, लोबवर तेल उडत राहायला हवं. मी गाडी आयडलवर सोडून चहाला गेलो. महिन्याभरात टकटक सुरू. घरात मुलीचं लग्न होतं त्यांच्या. मी काय म्हणालो असेन? तेच. "जुनी गाडी आहे." त्यांना ते पटलं, हेच वाईट झालं.

बाळूने निघताना सांगितलं, त्या दिवशी तीन गाड्या तुझ्या एकट्यावर होत्या आणि तू जेवलाही नव्हतास. आधी सांगितलं असतं तर हे पत्र असं सुरू झालं नसतं. आता खोडत बसत नाही.

त्या माणसाला फोन कर. सील आणि बेल्ट दोन्ही बदल, पैसे मी पाठवतो, अक्काला बोलू नकोस. बाळूकडे सील बसवायची माझी नळी दिली आहे, लेथवर करून घेतलेली, आठशेच्या सीलला नेमकी बसते. पिशवीत अक्काची शेंगदाण्याची चटणीपण आहे. बोट कापलंय म्हणे, कुठलं? उजव्या हाताचं असेल तर आठवडाभर मोठा पाना धरू नकोस.

तुझा,
मामा