दोन पेशींची गाठ घालून देणारी चिप

आपल्या रक्तात काही पहारेकरी अखंड गस्त घालीत असतात. पांढऱ्या पेशींपैकी 'टी-पेशी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लसिकापेशी वाटेत भेटणाऱ्या इतर पेशींना स्पर्श करतात, त्यांच्या पृष्ठभागावरील खुणा तपासतात आणि पुढे सरकतात. एखाद्या पेशीत विषाणू शिरला असल्याची खूण सापडली, तर टी-पेशी तिथेच थांबते. तिच्यातील कॅल्शियमचे प्रमाण एकदम वाढते. टी-पेशीचा प्रकार मारेकरी असेल, तर पुढे ती त्या रोगट पेशीचा नाशही करते.

हे सारे दोन पेशींच्या भेटीत घडते. ही भेट प्रत्यक्ष पाहायची तरी कशी?

सरासरीचा पडदा

काचेच्या बशीत दोन्ही प्रकारच्या लाखो पेशी एकत्र ठेवायच्या आणि एकूण परिणाम मोजायचा, ही जुनी रीत. तिच्यात एक अडचण आहे. तुमच्या वर्गाची गणितातील सरासरी ५० गुण आली, तर प्रत्येकाला ५० गुण मिळाले असे म्हणता येईल का? कदाचित निम्म्यांना ९० आणि निम्म्यांना १० मिळाले असतील. शिक्षकांच्या दृष्टीने हे दोन वर्ग अगदी निराळे. सरासरी मात्र एकच!

पेशींचेही तसेच आहे. बशीतील प्रतिसाद निम्मा आला, तर सर्व पेशी अर्धवट जाग्या झाल्या, की निम्म्या पूर्ण जाग्या झाल्या आणि निम्म्या झोपूनच राहिल्या? या प्रश्नाचे उत्तर बशी देऊ शकत नाही. त्यासाठी एका खोलीत एक 'क' पेशी व एक 'ख' पेशी अशा शेकडो जोड्या हव्यात, आणि त्यांचा पहिला स्पर्श केव्हा झाला तेही कळायला हवे.

फाशांचा प्रयोग

'टाकल्या पेशी खोल्यांत, पडतील तशा पडतील' असे केले तर? करून पाहू. कागदावर ६ × ६ म्हणजे ३६ घरांचा चौकोन आखा. एक तांबडा व एक पांढरा फासा घ्या. तांबडा फासा आडवी ओळ सांगेल, पांढरा उभी ओळ. दोन्ही फासे टाका आणि जे घर येईल त्यात मुगाचा एक दाणा ठेवा. असे ३६ मूग ठेवून झाले की त्याच रीतीने तुरीचे ३६ दाणे ठेवा. आता नेमका एक मूग आणि नेमकी एक तूर असलेली घरे मोजा.

घरे ३६, मूग ३६, तुरी ३६. तरीही अशी घरे साधारण ५ च भरतील! एखाद्या घरात नेमका एक मूग पडण्याची संभाव्यता सुमारे ०.३७ असते. तुरीचेही तेच. दोन्ही गोष्टी एकाच घरात जुळण्याची संभाव्यता ०.३७ × ०.३७, म्हणजे सुमारे ०.१४; आणि ३६ × ०.१४ म्हणजे सुमारे ५. कोणाला ३ मिळतील, कोणाला ७. म्हणून साऱ्या वर्गाची सरासरी काढा. उरलेली घरे रिकामी, अर्धवट किंवा दाटीची.

पेशी दैवावर सोपवल्या तर हिशेब असाच होतो. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोह्लर आणि मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड तयार करणारी पेशी व मायलोमा या कर्करोगाची पेशी यांचा संयोग घडवून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याचा मार्ग दाखवला. १९८४ मध्ये येर्ने यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तिथेही पेशींचे नुसते मिश्रण करावे लागे. त्यात क-क आणि ख-ख अशा नको असलेल्या जोड्याही जुळत.

रबरातील कालवे

जोड्या नेमक्या जुळवण्याचे काम आता 'मायक्रोफ्लुइडिक' म्हणजे सूक्ष्मप्रवाही साधने करतात. साधन म्हणजे काय, तर काचपट्टीवर चिकटवलेला पारदर्शक सिलिकोन रबराचा एक लहानसा तुकडा. त्याच्या पोटात अतिसूक्ष्म कालवे असतात. कालव्याची रुंदी काही दशक ते काही शतक मायक्रोमीटर. (१ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर.) आपल्या तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, हे ध्यानात ठेवा.

एवढे बारीक कालवे कोरतात कसे? ते कोरत नाहीत, साच्यातून काढतात. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने कठीण होणाऱ्या द्रव्याचा थर देतात. त्यावर नक्षीचा पडदा ठेवून अतिनील किरण सोडतात. किरण लागलेला भाग टणक होतो. बाकीचा धुऊन टाकला की उठावदार नक्षी उरते. हा झाला साचा. त्यावर पातळ सिलिकोन ओतून, उष्णता देऊन ते घट्ट झाल्यावर सोलून काढायचे. मोदकाच्या साच्याचा ठसा उकडीवर उठतो, तसा नक्षीचा ठसा रबरावर उलटा उठतो. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये ही झटपट रीत मांडली. या रबरातून ऑक्सिजन आत जाऊ शकतो, म्हणून पेशी जिवंत राहतात. आणि काचेतून सूक्ष्मदर्शकाला सारे दिसते.

शिस्तीने वाहणारे पाणी

१८८३ मध्ये मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना धार सरळ राही. वेग वाढवला की ती विस्कटून जाई. केव्हा काय होईल हे रेनॉल्ड्स अंकावरून ठरते:

रेनॉल्ड्स अंक = (घनता × वेग × नळीची रुंदी) ÷ स्निग्धता

१ सेंटिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने पाणी येत असेल, तर हा अंक ५००० येतो. तेथे पाणी खळाळते, भोवरे पडतात. आता ५० मायक्रोमीटर रुंदीचा कालवा घ्या, वेग सेकंदाला १ मिलिमीटर. गणित करा: उत्तर ०.०५ येईल. अंक इतका लहान असला की स्निग्धतेपुढे जडत्वाचे काही चालत नाही. भोवरे पडतच नाहीत. द्रवाचे थर एकमेकांशेजारून शिस्तीने सरकतात आणि पेशी आपापल्या प्रवाहरेषेने जाते. प्रवाह उलटा केला, तर ती बहुतांशी आल्या वाटेनेच परत येते. हा गुण पुढे उपयोगी पडणार आहे.

पेशी आपली जागा घेते

मोरीच्या जाळीवर वाळके पान बसले की पाणी तिथून जायचे थांबते आणि बाजूच्या भोकांतून जाऊ लागते. सूक्ष्म वाट्यांची युक्ती हीच. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे दि कार्लो, वू आणि ली यांनी कालव्यात नालेच्या आकाराच्या अशा वाट्यांच्या रांगा बसवल्या. वाटीच्या तळाशी फट असते, म्हणून थोडे पाणी वाटीतून जाते आणि पेशीला आत आणते. पेशी बसली की फट बंद होते. प्रवाह वळसा घालतो आणि पुढची पेशी पुढच्या वाटीकडे जाते. जागा भरल्याची वर्दी जणू पेशी स्वतःच देते!

ही झाली एकेक पेशी. जोडीसाठी २००९ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथील व्होल्डमन, येनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली. त्यांनी प्रत्येक ठिकाणी दोन वाट्या पाठीला पाठ लावून ठेवल्या: खाली तोंड केलेली लहान वाटी आणि वर तोंड केलेली मोठी वाटी. लहान वाटीत एकच पेशी मावते, मोठीत दोन. आता तीन पायऱ्या पाहा:

१. 'क' पेशी खालून वर सोडायच्या. प्रत्येक लहान वाटीत एकेक बसते. जादा पेशी वाहून जातात.

२. प्रवाह उलटा करायचा. 'क' पेशी लहान वाटीतून सुटते आणि सरळ खालच्या मोठ्या वाटीत उतरते.

३. 'ख' पेशी वरून सोडायच्या. मोठ्या वाटीत एकाच पेशीची जागा उरलेली असते. तीत 'ख' येऊन बसते.

या रीतीने हजारो पेशींच्या जोड्या एकाच वेळी जुळल्या, आणि योग्य जोड्यांचे प्रमाण शेकडा ७० पर्यंत गेले. आपल्या ३६ घरांच्या भाषेत सांगायचे तर ५ ऐवजी २५ घरे! विजेचा स्पंद देऊन या जोड्यांचा संयोगही घडवता आला.

भेटीचा क्षण

२०१५ मध्ये व्होल्डमन यांच्या गटाने याच मार्गाने लसिकापेशींच्या शेकडो जोड्या अभ्यासल्या. कॅल्शियम वाढताच उजळणारा रंग पेशीत घातला की प्रत्येक टी-पेशी केव्हा जागी झाली हे कॅमेऱ्याला दिसते. कोणी लगेच उजळते, कोणी थांबून, कोणी मुळीच नाही. सरासरीने झाकलेला फरक उघडा पडतो.

याचे मोल केवढे? २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात भारतात मान्यता मिळालेला 'नेक्सकार-१९' हा उपचार आय.आय.टी. मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींना रक्तातील विशिष्ट कर्करोगपेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. अशा उपचाराचे यश टी-पेशी व कर्करोगपेशी यांच्या भेटीवर अवलंबून असते. त्या पेशींतील किती कामसू आणि किती आळशी, हे एकेक भेट पाहूनच कळणार.

अडचणीही आहेत. वाटीचे माप पेशीच्या मापाशी जुळावे लागते. एखादा हवेचा बुडबुडा किंवा पेशींचा गोळा कालवा तुंबवतो. शिवाय हे रबर काही तेलकट रेणू शोषून घेते, म्हणून औषधांची चाचणी करताना जपावे लागते.

विचार करा

१. फाशांच्या प्रयोगात मूग आणि तूर प्रत्येकी ७२ घेतले, तर योग्य जोड्या वाढतील की घटतील? आधी अंदाज लिहा, मग प्रयोग करा.

२. कालव्याची रुंदी दहापट कमी केली व वेग तोच ठेवला, तर रेनॉल्ड्स अंक किती होईल?

३. 'क' पेशी थेट मोठ्या वाटीत का सोडत नाहीत?