शिंपी पक्षी : परसातला बिनपगारी गडी



परसात शेपटी ताठ धरून सारखा ‘टुविट-टुविट’ ओरडणारा, चिमणीहून लहान शिंपी पक्षी तुम्ही पाहिलाच असेल. पाठ हिरवट, डोके तांबूस. पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून, कापसाचे तंतू व कोळिष्टके ओवून पानांचीच पिशवी शिवली जाते. तिच्यात मऊ कापूस अंथरून मादी ३-४ अंडी घालते. साधारण १२ दिवसांत पिले निघतात, पुढे १४ दिवसांत उडतात. तोवर नर-मादी दिवसभर अळ्या-किडे वेचून भरवतात.

गेल्या पावसाळ्यात मी पेरूची फांदी छाटली. खाली पडल्यावर कळले, शिवलेल्या पानात पिले होती. वीण बहुतेक पावसाळ्यातच असते. तेव्हा छाटणी-फवारणीआधी झाड नीट बघा. घरटे दिसले, तर पिले उडेपर्यंत थांबा.