‘दोष आढळला नाही’ या अहवालाचा अर्थ

बीआरसीए-1 व बीआरसीए-2 ही जनुके पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी प्रथिने घडवतात. त्यांपैकी एकात जन्मतःच अपायकारक उत्परिवर्तन, म्हणजे प्रथिन निकामी करणारा अक्षरक्रमातील बदल, असेल तर स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. 1994 व 1995 मध्ये ही जनुके हाती लागली, 2003 मध्ये मानवी जीनोम प्रकल्प पूर्ण झाला, आणि पुढे तपासणी इतकी स्वस्त झाली की लाळेचा नमुना टपालाने पाठवूनही अहवाल मिळू लागला.

प्रस्तुत लेखिकेच्या आईला व मावशीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असताना, अमेरिकेतील धाकट्या बहिणीला अशा चाचणीतून ‘दोष आढळला नाही’ असे कळले आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2018 मध्ये अशा पहिल्या चाचणीस परवानगी दिली, ती केवळ तीन बदलांपुरती. ते प्रामुख्याने अश्कनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय वंशाच्या, ज्यू समाजात आढळतात, तर ज्ञात बदल हजाराहून अधिक आहेत. बहिणीची चाचणीही याच तिन्हींची असल्याने मूळच्या कोकणातल्या घराण्याला त्यांच्या अभावातून जवळजवळ काहीच कळणार नव्हते, आणि पुढे दोन्ही जनुकांचे संपूर्ण वाचन झाले तेव्हा निराळाच अपायकारक बदल सापडला.

म्हणून अहवालातील निष्कर्षाआधी, नेमके काय तपासले ते वाचावे. शक्य असेल तर पहिली चाचणी निरोगी मुलीची नव्हे, तर आजार झालेल्या व्यक्तीची करावी. कारण तिच्यातील बदल एकदा निश्चित झाला की तो नातलगांत नसण्याला खरा अर्थ येतो, एरवी ‘नाही’ हे उत्तर अर्धवटच राहते. हा बदल वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्यांचा आजार वगळून केलेली कुटुंबाची नोंद (आणि ती बहुधा तशीच केली जाते) अपुरी ठरते.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मिळालेल्या बदलावरून मात्र शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. संदर्भसंचांत युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा असल्याने भारतीयांना हा शेरा अधिक मिळतो, आणि माहिती वाढल्यावर त्यांतील पुष्कळ बदल निरुपद्रवी ठरतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की जनुकीय भेदभावाविरुद्धचा तेथील 2008 चा कायदा आरोग्यविमा व नोकरी यांपुरता आहे, आयुर्विमा त्याच्या कक्षेत येत नाही.