डबा घ्यायलाही शिका

एप्रिल 2021, कोरोनाची लाट. नागपुरात दवाखान्यात खाट मिळेना, म्हणून कुहीतली कितीतरी माणसं घरातच विलगीकरणात पडून होती. शेजारी फाटकाशी डबा ठेवायचे, लांबूनच हाक मारायचे. त्या दिवसांतले एक काकाजी अजूनही माझ्याकडे झोपेची गोळी मागायला येतात. तेव्हा मिरची विकून आले, तापले, पाठोपाठ म्हातारे वडील गेले. “मीच आणला ना जी घरी!” शेजारचा डबा त्यांनी दोनदा परत पाठवला होता. “माह्यामुळं त्याइले कायले तरास?”

त्या परतलेल्या डब्यात मला त्यांचं दुखणं दिसतं. देणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. 1897च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण मुकाट्याने मदत घेणाऱ्याचं कौतुक कोण करतं?

कोरोनाच्या पहिल्या लाटेत 21 देशांतल्या चार हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. इतरांना जीव लावणाऱ्यांत उदासीची लक्षणं कमी दिसली, हे खरं. पण जे स्वतःशी मायेने वागत होते आणि ज्यांना इतरांची माया मिळत होती, त्यांच्यात उदासीबरोबर चिंता आणि ताणही कमी होता. उलट, माया घ्यायलाच जे कचरत होते, त्यांना साथीच्या भीतीचा फटका जास्त बसला. स्वतःला दोष देत राहिलं की शरीर धोक्याच्याच तयारीत राहतं: छाती धडधडते, झोप उडते.

म्हणून गोळीआधी मी काकाजींना विचारलं, “हेच शेजाऱ्याच्या पोराकडून झालं असतं, तर त्याला काय म्हणाला असता?” बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याची काय चूक जी?” हेच वाक्य रात्री स्वतःला सांगायचं, श्वास सावकाश सोडत. पहिले काही दिवस खोटं वाटतं, वाटू द्या.

मात्र दोन आठवड्यांवर झोप नसेल, जेवण तुटलं असेल, तर एवढ्यावर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. झोपेची गोळी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घेऊ नका.

मागच्या महिन्यात काकाजींना साधा ताप आला. शेजारणीने वडाभात पाठवला. त्यांनी तो खाल्ला. वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून चार वांगी घालून परत केली, तेवढं मी चालवून घेतलं.