ऑली बसवायची तर पैसे कुठे घालाल?

भाच्याने खेळण्यांच्या दुकानातून चौदाशे रुपयांचा स्केटबोर्ड आणला आणि दोन महिने तो ऑली मारत बसला. बोर्ड काही उडेना. मी उचलून पाहिला तर ट्रक, म्हणजे चाकांचे आस, प्लॅस्टिकचे आणि फळी पाटासारखी जड. मागच्या पायाने टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, जमिनीवर आपटायची, बोर्ड उसळला की पुढचा पाय त्यावरून घासत न्यायचा, ही ऑली. जो बोर्ड उसळतच नाही, त्यावर घाम गाळून काय उपयोग?

तेव्हा पहिला खर्च बोर्डावरच करा. सात थरांचा मेपलचा डेक (म्हणजे फळी), अॅल्युमिनियमचे ट्रक आणि 52 ते 54 मिमीची कडक चाकं असलेला तयार बोर्ड साधारण 5 ते 8 हजारांत मिळतो. सुटे परदेशी भाग जोडून घेतले तर 12-15 हजार सहज जातात. नवशिक्याला ती हौस नको. मोठ्या माणसाला आठ-सव्वाआठ इंच रुंदीचा डेक बरा पडतो.

हेल्मेटचे हजार ते अडीच हजार धरा. आत ईएन 1078 किंवा एएसटीएम एफ1492 हे सुरक्षा मानक छापलंय का, बघून घ्या. पडताना आधी हात टेकतो, म्हणून मनगटाचे गार्डही हवेतच. बूट मात्र स्वेडचे घ्या. डेकवरची ग्रिप टेप म्हणजे सँडपेपरच. कॅनव्हासच्या बुटाला पुढच्या पायाच्या करंगळीपाशी बघता बघता भोक पडतं.

महागड्या बेअरिंगांच्या नादी लागू नका. त्यांनी ऑली तसूभरही उंच जात नाही. साधी 608 नंबरची आठ बेअरिंगं यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानातही मिळतात. पावसाळ्यात बोर्ड ओल्यात नेलात तर ती गंजतात आणि डेक पाणी पिऊन मरतो, हा खरा तोटा.

आता फुकटचं काम. फोन विटेला टेकवून स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. बोर्ड पायाखाली येतोय आणि एकच पाय टेकतोय, तर बहुतेक वेळा ती भीतीच असते. हिरवळीवर, जिथे चाकं पळत नाहीत, तिथे दोन्ही पाय टेकवायची सवय करा. उतरताना बोर्ड आडवा होत असेल तर खांदे फिरताहेत. ते बोर्डाच्या रेषेतच हवेत. गुडघे वाकलेले, आणि पाय ट्रकच्या बोल्टांच्या वर. हे बोल्टांचं फार महत्त्वाचं आहे. डेकच्या मधोमध जोरात उतरलात तर तो तिथेच मोडतो आणि नव्या डेकचे तीन-चार हजार जातात.

शिकवणी लावणार असाल तर महिन्याचे पैसे आधी भरू नका. एका तासाचे द्या, आणि शिकवणारा माणूस पाय कुठे पडले ते व्हिडिओ थांबवून दाखवतो का, तेवढं बघा.